एक बुरूज, दोन बुरूज

सातवीत असताना आमच्या उर्दू शाळेची सहल सांगलीहून साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्यावर गेली होती. परतल्यावर मराठीच्या वहीत मी लिहिले, ‘किल्ल्याचा एक बुर्ज ढासळलेला आहे.’ सरांनी ‘बुर्ज’खाली तांबडी रेघ मारली, वर ‘बुरूज’ लिहिले आणि भर वर्गात म्हणाले, ‘तुम्हा लोकांचं मराठी कधी सुधारणार?’

मला रडू आले, त्याहून जास्त राग आला. कुरआनातील 85 वी सूरह ‘अल्-बुरूज’ मला पाठ होती. अरबीत बुर्ज एक आणि बुरूज अनेक, हे मदरशात शिकलेलेच होते. मग ढासळलेल्या एका बुर्जाला ‘बुरूज’ कसे म्हणायचे? चूक माझी नव्हे, मराठीची, असे मी मनाशी ठरवून टाकले.

घरी अब्बांना सांगितले. अब्बा गवंडीकाम करत. घरात आमची दखनी, कामावर मराठी. ते म्हणाले, ‘बेटी, काम पो मैं बी बुरूजच बोलता.’ मला ते पटले नाही. अब्बा शिकलेले नाहीत, असेही वाटले. त्याची आज लाज वाटते.

पुढे बी. एड. करताना इंग्रजीच्या तासाला ‘अ‍ॅट्रियम’ हा शब्द निघाला. हा मूळचा लॅटिन शब्द. रोमन घराच्या मधला, वरून उघडा चौक, आपल्या वाड्यातल्या चौकासारखा. लॅटिनमध्ये त्याचे अनेकवचन ‘अ‍ॅट्रिया’. इंग्रजीत मात्र ‘अ‍ॅट्रिया’ही चालते आणि सरळ ‘एस’ लावून ‘अ‍ॅट्रियम्स’ही चालते. शब्द परका असला, तरी वाक्य इंग्रजीचे, म्हणून व्याकरणही इंग्रजीचे. मी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. इंग्रजीला कोणी चुकीचे ठरवले नाही. मग मराठीवरच माझा राग का होता?

नंतर लक्षात आले की मराठीने बहुधा अरबीचे अनेकवचन उचललेच नव्हते. ‘हुक्म’चा हुकूम झाला, ‘जुल्म’चा जुलूम, ‘मुल्क’चा मुलूख. जोडाक्षर जिभेला जड गेले, म्हणून मराठी माणसाने मध्ये उकार घातला. ‘बुर्ज’चा ‘बुरूज’ही तसाच झाला असावा. तो अरबी अनेकवचनासारखा दिसतो, हा योगायोग. आणि अरबीचा तरी हा शब्द मूळचा कुठे? अनेक अभ्यासक त्याचे नाते ग्रीक ‘पिर्गोस’शी आणि लॅटिन ‘बुर्गुस’शी जोडतात. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. तरी किल्ला आणि बुरूज लोकांच्या तोंडून गेले नाहीत.

आता मी साताऱ्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. मध्यंतरी निबंध तपासत होते. एका मुलीने लिहिले होते, ‘मी बुर्जावर उभी राहिले.’ माझ्या हातातल्या तांबड्या पेनाने रेघ मारली. वही परत देताना ती हळूच म्हणाली, ‘मॅडम, बुरूज तो बहुत सारे होते ना? मैं तो एकीच पे खडी थी.’

मला काही क्षण बोलता येईना. मी सरांसारखे बोलले नव्हते, पण रेघ तीच होती. तिची चूक अडाणीपणाची नव्हती. तिला एक भाषा जास्त येत होती, म्हणून ती चुकली होती.

मी फळ्यावर दोन रकाने आखले. अरबीत: एक बुर्ज, अनेक बुरूज. मराठीत: एक बुरूज, दोन बुरूज, बुरुजावर. मुलींना मजा वाटली. त्यांनी मग हुकूम, जुलूम, फिकीर असे शब्द स्वतःच शोधून काढले. तिची वही मागून घेऊन त्या रेघेशेजारी मी लिहिले, ‘अरबीत बरोबर. मराठीत बुरुजावर.’ गुण कापला नाही.

सुट्टीत सांगलीला गेल्यावर अब्बांना हे सांगितले. त्यांना माझा तो जुना राग आठवतही नव्हता. ‘मैं क्या बोलता था?’ त्यांनी विचारले. मी म्हणाले, ‘बुरूज.’

‘फिर ठीकच बोलता था,’ म्हणाले आणि चहा पिऊ लागले.