मराठी कानानं स्पॅनिश

प्रिय चिऊ,


स्पॅनिश शिकायचं आहे, पण गावात वर्ग नाही आणि पुण्यात राहून शिकण्याचा खर्च झेपणारा नाही, असं तू लिहिलंस. पैसे न भरता ही भाषा खरंच येते का, हा तुझा प्रश्न. येते. इंटरनेटवर स्पॅनिशचं विनामूल्य साहित्य इतकं आहे, की सगळं संपवायला एक आयुष्य पुरायचं नाही. पण त्यातलं बहुतेक साहित्य इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठी तयार झालेलं आहे. मराठी माणूस ते जसंच्या तसं घेतो, तेव्हा जे त्याला उपजत येतं त्यावर आठवडेच्या आठवडे घालवतो आणि जिथं खरं अडणार आहे तिथून घाईनं पुढं जातो. म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे.

या साहित्यातला सगळ्यात जुना साठा अमेरिकी सरकारचा. परराष्ट्र खात्यातल्या लोकांना भाषा शिकवण्यासाठी वॉशिंग्टनमध्ये १९४७ साली फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथल्या भाषातज्ज्ञांनी १९५० च्या दशकात स्पॅनिशचा पायाभूत अभ्यासक्रम लिहायला घेतला, पुढं तो ५५ पाठांचा झाला आणि सोबत ध्वनिफितीही आल्या. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर स्वामित्वहक्क नसतो, म्हणून आज ही पुस्तकं आणि ध्वनिमुद्रणं कुणालाही उतरवून घेता येतात. पद्धत घोटून घेण्याची आहे. एक वाक्य ऐकायचं, त्यातला कर्ता बदलून पुन्हा म्हणायचं, मग काळ बदलून म्हणायचं. लहानपणी परवचा म्हटलेल्यांना ही शिस्त परकी वाटणार नाही. संवाद जुन्या वळणाचे आहेत, वकिलातीत शोभतील असे. पण क्रियापदांची रूपं तोंडात बसवायला याहून भक्कम साहित्य फुकटात नाही.

याच संस्थेचा एक आकडा सगळीकडे फिरतो, की स्पॅनिश ६०० ते ७५० तासांत येते. हे तास वर्गातले आहेत. विद्यार्थी थोडे, समोर शिक्षक, शिकणारे इंग्रजी भाषक, आणि दिवसभर दुसरं काम नाही. घरी एकटीनं शिकणाऱ्या मुलीनं स्वतःला या आकड्यानं मोजू नये.

सुरुवात मात्र या अभ्यासक्रमानं करू नकोस. सुरुवात ‘देस्तिनोस’नं कर. बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्रानं १९९२ मध्ये ही मालिका आणली. अर्ध्या-अर्ध्या तासाचे ५२ भाग, आणि भाषाशिक्षण तज्ज्ञ बिल व्हॅनपॅटन यांनी केलेली आखणी. निर्मितीला पैसा देणाऱ्या अ‍ॅननबर्ग प्रकल्पानं पुढं ती इंटरनेटवर विनामूल्य ठेवली. गोष्ट अशी. मेक्सिकोतल्या एका हवेलीत फेर्नांदो नावाचे वृद्ध गृहस्थ आजारी आहेत. स्पेनहून त्यांना एक पत्र येतं. स्पेनमधल्या यादवी युद्धात, १९३७ च्या गेर्निकावरच्या बॉम्बवर्षावात आपली पहिली पत्नी रोसारिओ गेली, असं ते आयुष्यभर समजत आलेले असतात. ती वाचली होती, असं पत्र सुचवतं. मग लॉस एंजेलिसची वकील राकेल तिचा माग काढत सेव्हिल, ब्वेनोस आइरेस, प्वेर्तो रिको असा प्रवास करते. राकेलचं काम मेक्सिकोच्या लिलिआना आबुद यांनी केलंय.

मालिका गोड आहे, पण तिची खरी ताकद रचनेत आहे. निवेदक स्वच्छ आणि सावकाश बोलतो. पात्रं मात्र आपापल्या देशाच्या वेगानं आणि लकबीनं बोलतात. भाग संपताना राकेल घडलेलं पुन्हा स्वतःशी आठवते, प्रश्न विचारते, उत्तरं देते. त्यामुळं पहिल्या वेळी निसटलेलं दुसऱ्यांदा कानावर येतं. अंदालुसियातला आणि अर्जेंटिनातला उच्चार वेगळा असतो हे कुणी सांगावं लागत नाही, तो फरक ऐकूनच कळतो. एक भाग पाहा, दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा पाहा, मग पुढं जा.

ड्युओलिंगोबद्दल तू विशेष विचारलंस. ते सुरू करणारे लुइस फॉन आन मूळचे ग्वातेमालाचे. इंग्रजी शिकायला पैसे लागतात आणि गरिबांकडे ते नसतात, हे त्यांनी आपल्या देशात पाहिलं होतं. त्यातून सेव्हेरिन हॅकर यांच्यासोबत २०१२ मध्ये त्यांनी ते सर्वांसाठी खुलं केलं. रोज भाषेशी संबंध राहावा यासाठी ते चांगलं आहे. एवढ्यावर बोलता येईल अशी आशा धरू नये.

त्यापेक्षा ‘लँग्वेज ट्रान्सफर’ला मी वरचं स्थान देईन. मिहालिस एलेफ्थेरिउ या शिक्षकानं देणग्यांच्या बळावर चालवलेला हा ९० ध्वनिपाठांचा अभ्यासक्रम आहे. पाठात शिक्षक एका विद्यार्थ्याला विचार करायला लावतो. तू ध्वनी थांबवून त्याच्या आधी उत्तर द्यायचंस. लॅटिनमधून इंग्रजीत आलेले शब्द थोडे वळवून स्पॅनिशमध्ये कसे नेता येतात, हे तो सुरुवातीलाच दाखवतो. नेशन, इन्फर्मेशन यांच्या शेवटच्या ‘शन’च्या जागी ‘सिओन’ आलं, की ‘नासिओन’ आणि ‘इन्फोर्मासिओन’ तयार. इथं तुझं शाळेतलं इंग्रजी भरपूर कामाला येईल.

शब्दांसाठी इंग्रजी हाताशी असू दे. वाक्यासाठी मात्र मराठीच धर.

‘मे गुस्ता एल मांगो’ हे वाक्य इंग्रजी भाषकांना उलटं वाटतं, म्हणून त्यांची पुस्तकं त्यावर पानंच्या पानं खर्च करतात. मराठीत ते सरळ ‘मला आंबा आवडतो’ आहे. आंबे अनेक झाले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्याप्रमाणं बदलतं, तिथंही आणि इथंही. ‘मी घर पाहते’ पण ‘मी मुलीला पाहते’, या दुसऱ्या वाक्यात माणसाला ‘ला’ लागतो. स्पॅनिशमध्ये त्याच जागी माणसाआधी ‘आ’ येतो. ‘फुई’ आणि ‘इबा’ या दोन भूतकाळांनी इंग्रजी विद्यार्थी हैराण होतात, आणि आपल्याकडे ‘गेले’ आणि ‘जायचे’ हा फरक पोरंसोरंही करतात. ज्या रूपांना सगळे घाबरतात ती ‘किएरो के बेंगास’मधली, तीसुद्धा ‘तू यावंस असं मला वाटतं’ यातल्या ‘यावंस’च्या फार जवळ आहेत. प्रत्येक ठिकाणी जुळणी तंतोतंत नाही, पण दार उघडायला पुरेशी आहे.

उच्चारांची वही देवनागरीत कर. स्पॅनिशचे त, द, प, क हे आपलेच त, द, प, क आहेत. त, द दाताला जीभ लावून, आणि चारही हवा न सोडता उच्चारायचे. इंग्रजीतून शिकणारी मराठी मुलं ‘टेंगो’, ‘डोन्डे’ म्हणतात आणि ते कानाला खटकतं. ‘तेंगो’, ‘दोन्दे’ असं लिहून ठेवलं की प्रश्न मिटला. दोन स्वरांमधले द आणि ब सैल पडतात, ते ऐकत ऐकत येईल.

आता तुला जिथं खरं अडणार आहे ते. पहिलं, आघात. मराठीत आघातानं अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान तिकडं लक्ष देत नाही. ‘आब्लो’मध्ये ‘आ’वर जोर दिला तर ‘मी बोलते’ आणि ‘ब्लो’वर दिला तर ‘तो बोलला’. लिहिताना गरज असेल तिथं आघाताची खूण अक्षराच्या डोक्यावर असते, ती शोभेची समजू नकोस. दुसरं, आपल्या एका ‘आहे’साठी त्यांची दोन क्रियापदं. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे तो माणूसच कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो आत्ता कंटाळलेला आहे. नियम वाचून हे अर्धंच येतं. बाकीचं शेकडो वाक्यं ऐकून. तिसरं, नामाचं लिंग. ते मराठीवरून ठरवू नकोस. प्रत्येक नाम ‘एल’ किंवा ‘ला’सकट पाठ कर.

ऐकण्यासाठी पाब्लो रोमान यांचे ‘ड्रीमिंग स्पॅनिश’चे व्हिडिओ घे. शिक्षक चित्रं काढत, हातवारे करत फक्त स्पॅनिश बोलतात. समजेल असं भरपूर ऐकल्यानंच भाषा मुरते, हे भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन यांचं म्हणणं त्यामागं आहे. क्रॅशन यांचं सगळंच मला पटत नाही, व्याकरणाचीही गरज आहे असं माझं मत आहे. पण इथं मराठी किंवा इंग्रजी मध्ये येत नाही, आणि ते मोलाचं आहे. वर्षभरानं ‘रादिओ आंबुलान्ते’ हे पॉडकास्ट ऐकायला लाग. लिमात जन्मलेले लेखक दानिएल आलार्कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ते उभं केलं. लॅटिन अमेरिकेतल्या माणसांच्या खऱ्या गोष्टी, आणि प्रत्येक भागाचा लिखित मजकूर संकेतस्थळावर तयार. आधी नुसतं ऐक, मग वाचत ऐक. शब्द अडला तर १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीचा कोश विनामूल्य उघडता येतो.

चूक दाखवणारं माणूस मात्र यातलं काहीच देत नाही. त्यासाठी इंग्रजी शिकू पाहणाऱ्या एखाद्या स्पॅनिश भाषक मुलीशी अर्धा तास तिची भाषा, अर्धा तास इंग्रजी असा बेत जमव. घरचा पत्ता, फोटो देऊ नकोस. आणि हे पक्कं लक्षात ठेव, की शिकणं फुकट असलं तरी प्रमाणपत्र फुकट नाही. नोकरीत चालणारी ‘देले’ परीक्षा इन्स्तितुतो सेर्वान्तेसची, या संस्थेचं केंद्र दिल्लीत आहे, आणि परीक्षेला शुल्क भरावं लागतं. त्या पैशाचं आपण वेळ आल्यावर पाहू.

उत्तर मराठीतच लिही, पण खाली चार ओळी स्पॅनिशमध्ये असू देत. मी दुरुस्त करून परत पाठवीन.

तुझी,
मावशी