रोमनांना गणित होते का?

"रोमनांना गणित होते तरी का?" संशोधनाचा विषय सांगितला की पहिला प्रश्न हाच येतो. विचारणाऱ्यांचा दोष नाही. खुद्द सिसेरोनेच लिहून ठेवले आहे की, ग्रीकांनी भूमितीला मान दिला. आपण मोजणी आणि हिशेबापाशीच थांबलो. पहिल्या वर्षी मीही खचलो होतो. विषय बदलून मिळावा, असा अर्जसुद्धा लिहिला.

मग कोलुमेल्ला हाती आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला हा शेतीवरचा लेखक. तिन्ही बाजू 300 फुटांच्या त्रिकोणी शेताचे क्षेत्रफळ तो असे काढतो : 300 चा वर्ग 90,000, त्याचा तिसरा हिस्सा 30,000, दहावा 9,000, बेरीज 39,000. वर्गमूळ नाही, सिद्धता नाही. रात्री मी वर्गमूळ घेऊन ताळा पाहिला. 38,971! एवढ्या थोरल्या शेतात चूक अवघी 29 चौरस फुटांची.

आमचे आजोबा पावकी-निमकीच्या जोरावर बांधावर उभ्या उभ्या हिशेब सांगत. त्यांनाही कोणी गणिती म्हटले नाही, मीसुद्धा नाही.

तो अर्ज मी दिला नाही. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवरच ही आकडेमोड केलेली आहे.