आधी उतारा वाच
आज संध्याकाळी भाचीला घेऊन इंग्रजीच्या कृतिपत्रिकेचा सराव केला. दहावीचं वर्ष, लेखी परीक्षा ८० गुणांची. उताऱ्याखाली ए१ ते ए५ अशा कृती असतात. ती उतारा सोडून थेट प्रश्नांवर जाते, प्रश्नातला शब्द वर शोधते आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवते. गुण मिळतातही. पण ए५मध्ये स्वतःचं मत विचारलं की पेन थांबतं. उतारा वाचलेलाच नसतो ना!

मग मी प्रश्न वहीने झाकले. "आधी नुसता वाच." उतारा मधमाश्यांवरचा होता. अडलेल्या शब्दाखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली, पुढची दोन वाक्यं वाचली आणि मान वर करून म्हणाली, "मावशी, हे राणीमाशीबद्दल चाललंय ना?" शब्दकोश मिटलेलाच होता. मला फार आनंद झाला.

राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तरी शब्दांच्या याद्या घोकणं काही सुटत नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. यापुढे प्रत्येक नव्या शब्दाचं तिने स्वतःचं वाक्य करायचं, असं ठरलंय. उद्या इंग्रजी पेपरातली क्रिकेटची बातमी घेऊ. ती तिला आवडेल.