काटा

वेचणीचे दिवस. घाटंजीकडच्या आमच्या गावात जो तो पराटीत, आणि माझी सात वर्षांची लेक पाच दिवसांपासून तापानं फणफणलेली. कोरडा खोकला तर झोपू देईना. जवळच्या डॉक्टरला मीच म्हटलं, "साहेब, जरा भारी सुई द्या." त्यानं दिली. रात्रीतून ताप उतरला, पोरीनं सकाळी भाकर मागून खाल्ली. मी चार घरी डॉक्टरचे गुण गायलो.

तिसऱ्या दिवशी ताप परतला. श्वासागणिक बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाऊ लागली.

यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मॅडमनं आधी विचारलं, "भाऊ, सुई कसली होती?" माझ्याकडच्या चिठ्ठीवर गोळ्यांची नावं होती, सुईचं नव्हतं. "स्टेरॉइड असू शकतं. त्यानं ताप झाकला जातो, आजार आत राहतो."

मायकोप्लाझ्माचा न्यूमोनिया निघाला. या जंतूला पेशीभित्तिकाच नसते. म्हणून अमॉक्सिसिलिन त्याच्यावर चालत नाही. अझिथ्रोमायसिन दिलं. आठवडा झाला तरी ताप हटेना, एक्स-रेवरचा पांढरा डाग वाढला. तेव्हा मॅडमच म्हणाल्या, "आता स्टेरॉइड देऊ."

मी दचकलो. "तेच?"

"तेच. आता जंतूपेक्षा तिच्या शरीराचीच आग फुप्फुसाला जाळते आहे. पण आधी टीबी नाही ना, ते पाहू."

लेकरं बेडका गिळून टाकतात. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी तपासायला काढलं. तिचे हात मी धरले होते. घरात कोणाला टीबी होता का, हेही खोदून विचारलं. रिपोर्टमध्ये टीबी निघाला नाही, तेव्हा कुठं पुढचं ठरलं.

सिस्टरनं स्वेटर, चपला काढायला लावून पोरीला काट्यावर उभं केलं. 18 किलो. किलोमागे 2 मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला 36 मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन. दोन वेळा 18-18. रोज बीपी, रोज बोट टोचून साखर. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. या वेळी मी कोणाला फोन केला नाही. एक्स-रे सुधारायची वाट पाहिली. पुढं गोळ्या, त्याही मॅडमच्या सांगण्यानं कमी करत बंद केल्या.

घरी आलो तेव्हा कापूस मोजणं चालू होतं. काट्यावर पावशेर इकडंतिकडं झालं तर मी भांडायला उठतो. पोरीला ती पहिली सुई देताना मात्र तिचं वजन ना डॉक्टरनं विचारलं, ना मी सांगितलं.