चिमुकल्या एंजिनाचें मोल

वस्तूची किंमत तींत किती धातु ओतला आहे यावरून ठरते, असा भोळा समज पुष्कळांचा असतो. तो किती फोल आहे हें पाहावयाचें असल्यास विलायतेंत विकल्या जाणाऱ्या खेळण्यांतील आगगाडीच्या एंजिनाकडे पाहावें. खऱ्या एंजिनाच्या शहात्तराव्या हिश्शाचें, वीत-सव्वा वीत लांबीचें हें एंजिन. पण नव्या घडणीच्या एका नगास आज सुमारें दोनशें पौंड, कित्येकदां त्याहूनही अधिक, मोजावे लागतात!

मग हा पैसा जातो कोठें? बारीकसारीक भाग हातानें जुळविण्याच्या मजुरींत बराच जातो. चीनमध्यें मजुरी स्वस्त म्हणून विलायती कारखानदारांनीं हें काम तिकडे नेलें. पुढें तेथेंही ती वाढली. दुसरा मोठा खर्च पोलादी साच्यांचा. समजा, साच्यांस 1,00,000 पौंड लागले. एंजिनें 10,000 खपलीं, तर प्रत्येकावर 10 पौंडांचा भार पडेल. 2,000च खपलीं, तर 50 पौंडांचा. गिऱ्हाईक घटलें कीं भाव उतरतो, असें आपण बाजारांत पाहतों. येथें गिऱ्हाईक घटलें कीं भाव चढतो, आणि भाव चढला कीं गिऱ्हाईक आणखी घटतें. म्हणूनच कित्येक कारखानदार आधीं मागणी नोंदवून घेतात, आणि एकाच साच्यांतील एंजिन निराळा रंग व निराळा क्रमांक देऊन पुनः विकतात.

फ्रँक हॉर्नबी यांनीं 1920 सालीं लिव्हरपूल येथें अशा गाड्या काढल्या, त्या मुलांकरितां. आज नवीं एंजिनें घेणारांत भरणा आहे तो प्रौढांचा व वृद्धांचा. संस्कारापासून स्मृति उपजते, असें आमचे नैयायिक सांगतात. ब्रिटनच्या मुख्य लोहमार्गांवरील वाफेचीं एंजिनें ऑगस्ट 1968 मध्यें थांबलीं. तीं ज्यांनीं बाळपणीं पाहिलीं, तेच आज साठी-सत्तरी ओलांडून त्यांच्या प्रतिकृति विकत घेत आहेत. ही पिढी सरली म्हणजे मागणी कोठून येणार? धंदा नाजूक खराच. 1859 पासून चालत आलेल्या जर्मनींतील मार्क्लिनसारख्या पेढीसही 2009 सालीं नादारीचा अर्ज करावा लागला. पुढें 2013 मध्यें ती दुसऱ्यांच्या हातीं गेली.

पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांचें चिमुकल्या आगगाड्यांचें संग्रहालय 1998 पासून आहे. तेथें मुलें एंजिन विकत न घेतां डोळे भरून पाहतात. हा संस्कार लहान समजूं नये. ज्या घरीं आजोबांनीं हौसेनें जपलेली अशी एखादी वस्तु असेल, त्यांनीं ती अधूनमधून कपाटांतून काढून नातवंडांच्या हातीं द्यावी, असें आम्हांस वाटतें. एखादें चाक निखळेल, रंगाचा टवका उडेल. तेवढा तोटा सोसावा. आज मुलांच्या हातास जें लागणार नाहीं, त्याची आठवण त्यांना उद्यां कशी राहावी?