मोकळे हात

'शुश्रूषा' या शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. संस्कृतातल्या 'श्रु' धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध होतो. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करतो, म्हणून शब्दाला सेवेचा अर्थ चिकटला आणि मराठीत येईतो तो रुग्णाच्या उशाशी येऊन बसला. म्हणजे परिचारिकेच्या कामासाठी आपल्या भाषेने जो शब्द निवडला, त्यात कान आहे. प्रत्यक्षात मात्र परिचारिकेविषयी समाज बोलू लागला की डोळाच पुढे सरसावतो. ती कशी दिसते, काय नेसते, केस कसे बांधते, कुंकू लावते की नाही, हे आधी. तिला काय येते, हे नंतर.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचारक आणि रोगी. त्यांतल्या परिचारकाचे गुणही चारच. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शौच. या यादीत रूपाला जागा नाही, शौचाला आहे. आजच्या मराठीत 'शौच' हा शब्द शौचालयापुरता आक्रसून गेला आहे, ही गोष्ट वेगळी. पण शौच आणि शोभा यांतला जो भेद त्या यादीत स्पष्ट आहे, तो पुढच्या काळात पुसट होत गेला, असे मला वाटते.

परिचर्येच्या अभ्यासक्रमात नीटनेटकेपणाचे नियम शिकवले जातात. नखे कापलेली असावीत, केस बांधलेले असावेत, गणवेश रोज धुतलेला असावा, दागिने नसावेत वा मोजके असावेत, उग्र अत्तर नको, भडक प्रसाधन नको. साहित्याच्या विद्यार्थ्याने ही यादी एखाद्या संहितेसारखी वाचून पाहावी. वरवर एकजिनसी दिसणाऱ्या या यादीत दोन निरनिराळे आवाज बोलत आहेत, हे ध्यानात येईल. नखांचा नियम जंतूंविषयी आहे. व्हिएन्नातल्या इग्नाझ सेमेलवाइसने १८४७ मध्ये डॉक्टरांना क्लोरिनयुक्त पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले, त्या परंपरेतला हा नियम. अत्तराचा नियम रोग्याच्या मळमळीविषयी आहे असे म्हणता येईल. पण भडक प्रसाधनाचा? तो रोग्यासाठी नाही; तो पाहणाऱ्यासाठी आहे. एक नियम शरीराला जपतो, दुसरा शीलाची ग्वाही मागतो. दोन्ही एकाच यादीत, एकाच आज्ञार्थात येतात, म्हणून दुसऱ्याला पहिल्याची प्रतिष्ठा आयती मिळते.

हे मला पुस्तकातून उमगले नाही. माझी आत्या सहाय्यक परिचारिका प्रसाविका होती. सरकारी कागदावरचे हे लांबलचक नाव; गावात ती 'नर्सबाई'. सायखेड्याच्या आसपासच्या वस्त्यांवर तिने नोकरीची बरीच वर्षे काढली. हा गोदाकाठचा भाग, काळ्या कसदार मातीचा. गोदेला पूर आला की सायखेडा आणि नदीपलीकडची चांदोरी ही गावे बातम्यांत येतात, २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये आली तशी. एरवी ही माती द्राक्षे आणि कांदा पिकवते, आणि पावसाळ्यात पांढरी साडी गिळते. आत्याच्या दोन साड्या आलटून पालटून दोरीवर असत. एकीला नीळ, एकीला खळ. चिखलाने भरलेला काठ ती रोज रात्री दगडावर घासायची. एवढी पांढरी साडी या मातीत कुणासाठी, असे मी एकदा विचारले होते. ती म्हणाली, "रात्री-बेरात्री एकटी बाई बांधावरून चाललेली दिसली की लोक तोंड बघायला येतात. साडी लांबून दिसली की येत नाहीत."

हे उत्तर स्वच्छतेविषयी नव्हते. साडी हा तिचा परवाना होता.

पण त्याच साडीतली बाई बाळंतिणीच्या दाराशी गेली की दुसराच पेच उभा राही. आत जाण्याआधी ती हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवून रुमालाच्या गाठीत बांधायची. प्रसूतीच्या वेळच्या 'पाच स्वच्छता' तिला तोंडपाठ होत्या: हात, जागा, पाते, धागा आणि नाळ. पहिलीच हातांची. आणि घरातल्या सासूला मात्र दिसायचा तो सवाष्ण बाईचा मोकळा हात, तोही जन्माच्या घडीला. एका वस्तीवरचा संवाद आत्या पुष्कळदा सांगायची.

"बाई, मोकळ्या हातानं सुनंला शिवू नका."

"मोकळ्याच हातानं शिवते, मावशी. बांगडीतला मळ बाळाच्या नाळेला लागला तर काय करायचं?"

म्हातारी थोडा वेळ गप्प राहिली, मग तिनेच तांब्याने हातावर पाणी घातले. काम आटोपल्यावर तिने आत्याला जवळ बसवून बांगड्या स्वतःच्या हाताने चढवल्या.

या प्रसंगाला मी विज्ञानाचा विजय म्हणणार नाही. दोघींनी शौच आणि शुभ यांची क्रमवारी लावली, इतकेच. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांनी २००७ च्या धोरणानुसार कोपराखाली हात उघडे ठेवण्याचा नियम आणला. घड्याळ नाही, लांब बाही नाही. तो वाचताना मला ती रुमालाची गाठ आठवली होती. फरक असा की, घड्याळ काढणाऱ्या डॉक्टरला अपशकुनी कुणी म्हणत नाही.

याला एक उलट बाजूही आहे. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुणे सेवासदन सुरू झाले, आणि पुढे त्या संस्थेने ससून रुग्णालयात स्त्रियांच्या परिचर्या-शिक्षणाची सोय केली. सेवासदनात शिकणाऱ्यांत विधवा होत्या. केशवपन, कपाळ रिकामे, हात रिकामे: समाजाने ज्यांचे दिसणेच काढून घेतले होते, अशा स्त्रियांचा तो काळ. त्यांच्या दृष्टीने गणवेश ही बेडी नव्हती. ज्या मोकळ्या हातांना घरात अशुभ म्हणत, तेच हात वॉर्डात पात्रतेची खूण ठरत होते. म्हणून गणवेशाला सरसकट जाच म्हणणे मला जमत नाही.

तरीही गणवेश शीलाचे कवच ठरतो, ही समजूत खोटी आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर १९७३ च्या नोव्हेंबरात तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हल्ला केला. २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांना भरवणे, अंग पुसणे, कूस बदलणे हे परिचारिकांच्या पिढ्यांनी केले. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण होऊ दिले नाहीत, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. चरकाचे चारही गुण मला तिथे एकत्र दिसतात. त्या परिचारिका दिसायला कशा होत्या, हे कुणी विचारले नाही, आणि विचारायचे कारणही नव्हते.

२०२० मध्ये करोनाच्या साथीत परिचारिका नखशिखान्त पीपीई किटमध्ये गेल्या. चेहरा, केस, कुंकू, साडी सारे झाकले गेले. ओळख पटावी म्हणून पाठीवर नावे लिहावी लागली. रुग्णाला उरला तो आवाज, आणि परिचारिकेला त्याचे ऐकणे. नीटनेटकेपणाचा धडा शिकवणाऱ्यांनी आपली यादी एकदा दोन रकान्यांत मांडून पाहावी: रोग्यासाठी काय, आणि पाहणाऱ्यासाठी काय. पहिल्या रकान्यातला एकही नियम सैल करू नये. दुसऱ्या रकान्यातल्या नियमांना निदान 'स्वच्छता' म्हणू नये.