संगणकाच्या कुलपाआड

पापनिवेदनात ऐकलेला शब्द धर्मगुरू कोणापुढेही उच्चारीत नाही. १९८३ च्या कॅनन लॉमधील ९८३ वे कलम हे बंधन अभंग मानते. तेव्हा गुप्ततेचे मोल आम्हां कॅथलिकांना कोणी नव्याने शिकवायला नको. परंतु आज घरातील आणि धर्मग्रामाच्या कचेरीतील कितीतरी खासगी गोष्टी संगणकात असतात. त्या कपाटाच्या कुलपाची चौकशी मात्र आम्ही क्वचितच करतो.

येशूसंघीय फादर स्टॅन स्वामी यांचे प्रकरण या संदर्भात विसरता येत नाही. भीमा-कोरेगाव प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीत त्यांना अटक झाली, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. पुढे तळोजा कारागृहातून त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात आणले गेले. खटला उभा राहण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, तेथे त्यांचे निधन झाले.

बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने त्यांच्या संगणकाच्या प्रतीची तपासणी केली. डिसेंबर २०२२ मध्ये उजेडात आलेल्या तिच्या अहवालानुसार, २०१४ पासून १२ जून २०१९ रोजी जप्त होईपर्यंत त्या संगणकात परक्याचा वावर होता. ‘नेटवायर’ नावाच्या छुप्या प्रणालीद्वारे त्यावर पाळत ठेवली गेली आणि चाळीसहून अधिक कागदपत्रे फादरांच्या नकळत त्यात ठेवली गेली. तपास यंत्रणेला असे निष्कर्ष मान्य नाहीत. शिवाय अहवाल म्हणजे न्यायालयाचा निवाडा नव्हे. तरीही एक गोष्ट मनाला चटका लावते. चोरून वाचणारा हात आमच्या नावाने लिहूही शकतो.

संदेश सांकेतिक लिपीत गेला की तो सुरक्षित, असे आम्ही समजतो. वाटेत तो सुरक्षित असतोही. परंतु हेर संगणकातच बसला असेल, तर लिफाफा बंद होण्यापूर्वीच त्याने पत्र वाचलेले असते. दाबलेले प्रत्येक अक्षर, प्रत्येक पासवर्ड त्याला टिपता येतो. असा हेर बहुधा ओळखीच्या नावाने आलेल्या पत्रासोबतची फाइल उघडताच आत शिरतो.

म्हणून अनपेक्षित फाइल उघडण्यापूर्वी पाठविणाऱ्याला दूरध्वनी करून विचारावे. संगणकाची प्रणाली अद्ययावत ठेवावी. प्रत्येक खात्याला निराळा पासवर्ड आणि जोडीला दुसरी पडताळणी असावी. महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत संगणकापासून अलग ठेवावी. फसवणुकीने पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

‘आमच्याकडे लपविण्यासारखे काय आहे?’ असे अंधेरी-बोरिवलीच्या घरांतून सहज म्हटले जाते. परंतु त्या संगणकात केवळ आमचेच काही नसते. आजारी शेजाऱ्याचा अहवाल, विवाहेच्छू मुलीची माहिती, मदतीसाठी आलेल्या कुटुंबाचा अर्ज हेही त्यात असते. त्यांनी ते आमच्यावर विश्वासून दिले आहे. दुसऱ्याची ठेव सांभाळण्यात हयगय करण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिलेला नाही.